घ्यायचं माप, द्यायचं माप: अमेरिकेतल्या मराठी रिपब्लिकन मतदारांना खुले पत्र

ओहायो, २६ जानेवारी २०२५

मंडळी, सप्रेम नमस्कार.

ट्रम्प यांचा शपथविधी होऊन आठवडा होत आला. सोमवारी रात्री सांगलीहून आणि पुण्याहून जे फोन आले, त्यांतले निम्मे अभिनंदनाचे होते आणि निम्मे समाचाराला आल्यासारखे. इथे आपल्या ग्रुपवर पेढे, झेंडे आणि सिंहाच्या धडावर ट्रम्प यांचं तोंड लावलेली चित्रं यांचा पूर आलाय. "ताई, तुम्ही गप्प का? आपलंच सरकार आलं ना?" असं तिघाचौघांनी विचारलं. अंगठा पाठवून वेळ मारून नेली, पण मनात होतं ते एका अंगठ्यात मावणारं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. मुद्दाम मराठीत आणि मुद्दाम तुम्हालाच. डेमोक्रॅट मित्रमैत्रिणींना वाचायला बंदी नाही. फक्त "बघा, आता यांच्यातलीच एक बोलायला लागली" अशी वरून ओळ जोडून हे फिरवू नका.

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडंसं. मी सीपीए आहे. लोकांचे टॅक्स भरून देते, छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब बघते. मी रिपब्लिकन झाले ती कुणा एका माणसावर भाळून नाही. ऋण काढून सण करू नये हे माहेरी शिकले होते, आणि इथे एक पक्ष निदान तोंडाने तरी तेच म्हणत होता. सरकारने पायरी सोडू नये, राज्यांचं राज्यांनी बघावं, कायदा लिहिलाय तसा वाचावा आणि पटत नसेल तर रीतसर बदलावा, ही माझी समजूत. मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसून "मी रिपब्लिकन" म्हटलं की समोरच्याचा घास हातातच राहतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडताना, माझं मत निकी हेली यांना, नोव्हेंबरात ट्रम्प यांना. दोन्ही मतं विचार करून दिली आणि त्यांबद्दल आज मला वेगळं काही म्हणायचं नाही.

आधी जे भावलं ते सांगते, कारण ते खरोखर भावलं.

थंडीमुळे सोहळा बाहेरच्या पायऱ्यांवरून आत, कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, घुमटाखालच्या गोल दालनात हलवला. असं याआधी १९८५ मध्ये रेगन यांच्या दुसऱ्या शपथविधीला झालं होतं. दोन लाखांवर लोक तिकिटं घेऊन बसले होते, त्यांच्या जागी आत सहाशेच्या आसपास माणसं. लोक हिरमुसले, पण मला ते दालन आवडतं. त्याच्या भिंतींवर जॉन ट्रंबुल यांची चार भलीमोठी चित्रं आहेत. त्यांतल्या एकात जॉर्ज वॉशिंग्टन उभे आहेत. साल १७८३, २३ डिसेंबर, गाव अ‍ॅनापोलिस. युद्ध जिंकलेला सेनापती आपलं नेमणूकपत्र काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, परत करतोय. पाठीशी सैन्य होतं, लोक डोक्यावर घेऊन नाचले असते, राजा हो म्हणणारेही निघाले असते. आणि हा माणूस कागद परत देऊन शेतीवर निघाला. माझ्यासारख्या कंझर्व्हेटिव्ह बाईच्या देवघरात एखादी राजकीय तसबीर असलीच तर ती हीच असेल.

त्या तसबिरीला शोभेल असं बरंच काही सोमवारी घडलं. सकाळी बायडेन दांपत्याने ट्रम्प दांपत्याला व्हाइट हाउसच्या दारात "वेलकम होम" म्हणत चहाला आत नेलं. कमला हॅरिस समोर बसल्या होत्या. स्वतः हरलेल्या निवडणुकीचा निकाल त्यांनीच दोन आठवड्यांपूर्वी, ६ जानेवारीला, सभागृहात शांतपणे जाहीर केला होता. चार वर्षांपूर्वी आपल्या माणसाने यातलं काही केलं नव्हतं, शपथविधीलाही थांबले नव्हते, हे आपण सोयीस्कर विसरतो. ट्रम्प यांचे आधीचे उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स हजर होते. २०२१ मध्ये त्यांनी घटनेत लिहिलंय तेवढंच केलं, ट्रम्प यांच्या पराभवाचा निकाल जाहीर केला, आणि त्यापायी स्वतःच्याच पक्षात वाळीत पडल्यासारखे झाले. तरी आले आणि बसले. मला पेन्स यांची भाषणं कधी फार ऐकवली नाहीत, पण परवा त्यांच्याबद्दल आदर दुणावला.

कॅरी अंडरवूड गायला उभी राहिली आणि संगीताचा ट्रॅक काही केल्या वाजेना. अवघडलेली शांतता. मग ती म्हणाली, शब्द येत असतील तर मला साथ द्या, आणि नुसत्या गळ्यावर गायली. हळूहळू सगळे गायले, बायडेन आणि हॅरिससुद्धा. त्या अख्ख्या दिवसात ठरवून न केलेली अशी तेवढीच एक गोष्ट झाली असावी.

आणि नवे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांची बायको उषा व्हान्स. नवरा हात ठेवून शपथ घेतोय, हिच्या एका हातात बायबल आणि दुसऱ्या हातावर धाकटी लेक. लेकीच्या बोटांना बँडएड गुंडाळलेल्या, एकीला नव्हे, चांगल्या तीनचार बोटांना. समोर देशाचं न्यायमंडळ, आजी-माजी राष्ट्राध्यक्ष, सगळं जग, आणि पोरीचं लक्ष भलतीकडेच. आंध्रातून आलेल्या आईबापांची मुलगी ओहायोच्या मिडलटाउनमधल्या पोराशी लग्न करते आणि तिथे उभी राहते. मी तेलुगू नाही, व्हान्स यांची सगळी मतं मला पटत नाहीत, तरी डोळे भरून आले. पहिल्या रांगेत जयशंकर दिसले तेव्हा आपल्या ग्रुपवर तीसेक टाळ्या पडल्या. त्यातली एक माझी होती, नाकारत नाही.

सीमेबद्दलच्या आदेशांनी मी खूश आहे, हेही स्वच्छ सांगते. २०२३ च्या आर्थिक वर्षात दक्षिण सीमेवर जवळपास पंचवीस लाख नोंदी झाल्या. आपल्यातल्या प्रत्येकाने वकिलाची फी भरली, बोटांचे ठसे दिले, प्रायॉरिटी डेटकडे, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या आपल्या तारखेकडे, चातकासारखं बघितलं. रांगेत उभं राहणाऱ्याला रांग मोडणाऱ्याचा राग येतो, त्यात वंशद्वेष शोधू नये. सरकारी नोकरभरतीला लगाम, तेल आणि वायूवरचे निर्बंध ढिले, नेमणुका गुणवत्तेवर, हे सगळं मी मत देताना मागितलं होतं आणि ते पहिल्याच दिवशी पदरात पडलं.

मग भाषण. अर्ध्या तासाचं. सुवर्णयुग आत्ता सुरू होतंय, देवाने मला अमेरिका पुन्हा महान करण्यासाठी वाचवलं, मंगळावर झेंडा रोवू, मेक्सिकोच्या आखाताचं नाव बदलू. मी हिशेबाची बाई. डोक्यावर ३६ लाख कोटी डॉलरचं कर्ज आहे, त्याबद्दल काही ऐकायला मिळेल म्हणून कान टवकारून बसले होते. आधीच्या सरकारच्या उधळपट्टीवर एक टोला आला. कर्ज कसं फेडणार यावर काही नाही.

जुने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांचं कौतुक मात्र आलं, आणि तिथे आम्हा ओहायोवाल्यांना बोलायचा हक्क आहे. मॅकिन्ली आमचे. जन्म नाइल्सचा, समाधी कँटनला. आयात करांनी त्यांनी देश श्रीमंत केला, असं ट्रम्प म्हणाले. १८९० च्या करवाढीच्या कायद्यावर मॅकिन्ली यांचं नाव आहे हे खरं. पण त्याच मॅकिन्ली यांनी ५ सप्टेंबर १९०१ ला बफेलोमध्ये शेवटचं भाषण केलं त्यात काय सांगितलं? दार लावून बसण्याचा काळ सरला, आता देवाणघेवाणीचे करार करा. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी लागली आणि आठवडाभराने ते गेले. म्हणजे ज्यांचा दाखला देतोय त्यांनीच शेवटी मत बदललं होतं. आयात कर परदेशी माणूस भरतो असा समज पसरवणं सुरूच आहे. माझ्या अशिलांमध्ये एक इंडियन ग्रोसरीवाले आहेत. बंदरात माल उतरला की कराचा धनादेश ते फाडतात, आणि आठवडाभरात तो तूरडाळीच्या भावात चढतो. आयात कर गोळा करायला काढायच्या नव्या खात्याचं "एक्स्टर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस" हे नाव टाळ्या घेणारं आहे, पण पैसे गल्ल्यात इथलेच जमा होणार.

पनामा कालव्याचं थोडक्यात सांगते. कालवा पनामाला देण्याच्या १९७७ च्या करारांवर तेव्हा आपल्याच पक्षात जुंपली होती. रेगन विरोधात आणि कंझर्व्हेटिव्ह लेखक विल्यम बकली बाजूने, दोघांनी जाहीर वाद घातला आणि दोघांची मैत्री टिकली. यावर मतं वेगळी असू शकतात. पण "परत घेतोय" हे शपथेच्या भाषणात म्हणायचं वाक्य नव्हे.

पुढच्या रांगेतल्या धनाढ्यांचं काय? मस्क, बेझोस, झकरबर्ग, पिचाई. मंत्रिमंडळात यायचे होते ते त्यांच्या मागे. २०२१ मध्ये फेसबुकने ट्रम्प यांचं खातं बंद केलं तेव्हा आपण याच मंडळींच्या नावाने बोटं मोडत होतो. आता तीच घरची झाली. शपथेच्या तीन दिवस आधी राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं क्रिप्टो नाणं बाजारात आलं, त्यावर तर आपल्या ग्रुपवर कुणी अवाक्षर काढलं नाही. जिमी कार्टर यांनी पदावर येताना भुईमुगाचा धंदा विश्वस्तांच्या हाती सोपवला होता, आणि आपण त्यांना चाळीस वर्षं भोळसट म्हणून हसत आलो.

इथपर्यंत सगळं चालवून घेतलं असतं. भाषण म्हटलं की अतिशयोक्ती आलीच, आणि कोण कुठे बसलं यावर मी मत देत नाही. माझी खरी अडचण संध्याकाळी सुरू झाली.

वीस हजार लोक मावतील अशा क्रीडागृहात टेबल मांडलं होतं. ट्रम्प एकेक आदेश उचलायचे, सही करायचे, कागद उंच धरून दाखवायचे, आणि शेवटी पेनं गर्दीत भिरकावली. लोक झेलायला धावले. मला २०१४ आठवलं. काँग्रेस ऐकत नाही म्हटल्यावर ओबामा म्हणाले होते, माझ्याकडे पेन आहे आणि फोन आहे. तेव्हा आपण काय आकांडतांडव केलं होतं! हा काय राजा आहे का, कायदे करणं काँग्रेसचं काम, घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलंय ते वाचा. स्थलांतरितांबद्दलच्या त्यांच्या आदेशाविरुद्ध आपल्या राज्यांनी कोर्टात धाव घेतली आणि तो थांबवला. बायडेन यांनी शैक्षणिक कर्जं पेनाच्या फटकाऱ्याने माफ करायला घेतली तेव्हा २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना रोखलं, आणि मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले. आमच्या सांगलीच्या बाजारात एक व्यापारी होता. घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं. सगळ्या पेठेला माहीत होतं आणि सगळी पेठ त्याला हसायची. ओबामांच्या पेनाला एक माप आणि ट्रम्प यांच्या पेनाला दुसरं, असं करून आपण त्याच्या पंगतीला बसतो आहोत.

शोभेचा मुद्दाही आहेच. १९२३ मध्ये कॅल्विन कूलिज यांनी शपथ घेतली ती व्हरमाँटच्या खेड्यात, मध्यरात्रीनंतर, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात. वडील नोटरी होते, त्यांनीच शपथ दिली. मग म्हणे झोपायला गेले. मला तसा राष्ट्राध्यक्ष आवडतो. पण आवड आपापली, त्यावर भांडत नाही.

माफीवर मात्र भांडेन. क्रीडागृहातून ट्रम्प ओव्हल ऑफिसात गेले आणि ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या हल्ल्यातल्या सुमारे दीड हजार आरोपींना सरसकट माफी दिली, आणखी चौदा जणांच्या शिक्षा कमी केल्या. त्या गर्दीत नुसत्या आत शिरून फोटो काढणाऱ्या आजीबाई होत्या, त्यांच्यावर खटले अती झाले असं माझंही मत होतं. त्यांना माफ केलं असतं तर मी गप्प बसले असते. पण झेंड्याच्या काठीने पोलिसांना बडवणारे, दारात चेंगरणारे, डोळ्यांत फवारा मारणारे? त्या दिवशी १४० च्या आसपास पोलीस जखमी झाले. हिंसा करणाऱ्यांना माफी मिळू नये, हे उघड आहे, असं खुद्द व्हान्स १२ जानेवारीला टीव्हीवर म्हणाले होते. आठ दिवसांत उघड गोष्ट झाकली कशी गेली? निवडणुकीत ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या पोलीस संघटनेनेही या माफीबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. आपल्या अंगणात "बॅक द ब्लू"च्या, पोलिसांना पाठिंबा देणाऱ्या, पाट्या आहेत ना? माझ्याही आहे. ती कुणासाठी लावली होती?

जिथे ती गर्दी घुसली होती तेच गोल दालन. तीच वॉशिंग्टन यांची तसबीर. दुपारी तिच्यासमोर शपथ आणि रात्री हे.

"बायडेन यांनी काय केलं ते नाही दिसलं?" दिसलं. मुलाला माफ करणार नाही असं सांगून डिसेंबरात केलं. सोमवारी तर सोहळा चालू असताना भावाबहिणींना आणि त्यांच्या जोडीदारांना, ज्यांच्यावर आरोपही नव्हते त्यांना, आगाऊ माफी देऊन गेले. लाजिरवाणं होतं. पण त्यांनी शेण खाल्लं म्हणून आपण ताट पुढे करायचं नसतं.

आता त्या आदेशाबद्दल, ज्यावर आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त कुजबुज आहे आणि सगळ्यात कमी उघड बोलणं. इथे जन्मलेल्या मुलाला जन्मतः नागरिकत्व. सोमवारच्या आदेशाप्रमाणे आई बेकायदा असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर १९ फेब्रुवारीपासून जन्मणाऱ्या बाळाला नागरिक मानायचं नाही. पहिली अर्धी ओळ वाचून आपण माना डोलावल्या. दुसरी अर्धी ओळ म्हणजे एच-वनवरचे, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे, आपलेच भाचे-पुतणे.

काल माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नागपूरची एक मुलगी आली होती, तेहतिसावा आठवडा. नवरा एच-वनवर, ही एच-फोरवर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. ग्रीन कार्डासाठी मान्यता मिळालेला अर्ज आहे, पण भारतीयांची रांग अजून २०१२ च्या तारखांवर रेंगाळतेय आणि यांची तारीख २०२१ ची. बाकीच्या बायका उखाणे घेत होत्या आणि ही सोफ्याच्या टोकाला, मांडीवर वाणाची स्टीलची वाटी, फोनवर कॅलेंडर उघडून बोटाने आठवडे मागेपुढे करत बसली होती. मला म्हणाली, "काकू, न्यायाधीशांची स्थगिती चौदा दिवसांची आहे. ती उठली तर? आमची तारीख मार्चची." शेजारच्या बाईंनी आवाज खाली घेऊन सुचवलं, डॉक्टर आधीची तारीख देतात का विचारून बघ. पोट उघडायची तारीख एका पेनाच्या सहीवरून ठरवायची! तिळगुळाची वडी माझ्या घशाखाली उतरेना.

भावनेवर जाऊ नका, घटनेवर या, असं तुम्ही म्हणाल. येते. चौदावी घटनादुरुस्ती, १८६८. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आईबापांच्या मुलाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने तोच अर्थ लावला. अधिकारक्षेत्राखाली कोण नाही, तर परक्या देशाचे राजदूत आणि असे मोजके. एच-वनवरचा माणूस अधिकारक्षेत्राखाली आहे की नाही अशी कुणाला शंका असेल त्याने मार्चमध्ये माझ्या ऑफिसात यावं. त्या माणसाचा १०४०, म्हणजे कराचा फॉर्म, मी भरते, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर त्याच्या पगारातून कापलेलं मी बघते, आणि आयआरएसला, म्हणजे कर खात्याला, आजवर एकदाही तशी शंका आलेली नाही.

बेकायदा आलेल्यांच्या मुलांबद्दल वेगळा नियम हवा, असं प्रामाणिकपणे वाटणारे लोक आहेत. मला तो वाद ऐकायला आवडेल. पण त्याची वाट घटनेनेच आखून दिलीय. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग ५० पैकी ३८ राज्यं. अवघड आहे, अवघड असावं म्हणूनच तसं केलंय. शब्द लिहिलाय तसा वाचा, हे तर आपण सुप्रीम कोर्टाचे दिवंगत न्यायमूर्ती स्कालिया यांच्याकडून शिकलो असं अभिमानाने सांगतो. गुरुवारी सिएटलमध्ये ज्यांनी हा आदेश रोखला ते न्यायमूर्ती कॉफनूर हे १९८१ चे, रेगन यांनी नेमलेले. आदेश ढळढळीत घटनाबाह्य आहे, असं त्यांनी भर कोर्टात सुनावलं, आणि चार दशकांत इतका स्पष्ट प्रश्न आपल्यापुढे आल्याचं आठवत नाही म्हणाले. त्यांना आपल्या ग्रुपवर कुणीतरी "डावा जज" म्हणून मोकळं झालं.

चिनी मालकाने टिकटॉक विकावं नाहीतर ते बंद, हा कायदा काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या मोठ्या बहुमताने केला, शपथेच्या तीन दिवस आधी सुप्रीम कोर्टाने तो एकमताने उचलून धरला, आणि सोमवारी आदेश निघाला की पंचाहत्तर दिवस अंमलबजावणी करू नका. भारताने २०२० मध्ये तेच अ‍ॅप एका रात्रीत बंद केलं तेव्हा आपण वा म्हटलं होतं. "कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी" हे राष्ट्राध्यक्षांचं घटनेत लिहिलेलं काम आहे, आवडलेल्या कायद्यांची असं त्यात नाही.

आणि शुक्रवारी रात्रीची बातमी तर माझ्या पोटावरच पाय देणारी. डझनाहून जास्त खात्यांचे इन्स्पेक्टर जनरल एका फटक्यात काढले. हे लोक म्हणजे सरकारच्या घरातले ऑडिटर, उधळपट्टी पकडणारे. त्यांना काढायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे, पण तीस दिवस आधी कारणांसह काँग्रेसला कळवायचं, असा कायदा आहे. रेगन यांनीही १९८१ मध्ये असेच काढले होते, हा दाखला मला काल दोघांनी पाठवला. तेव्हा हा नोटिशीचा कायदा नव्हता. आता आहे, आणि आयोवाचे सिनेटर ग्रासली, पक्के रिपब्लिकन, तेही विचारताहेत की नोटीस कुठेय. खर्च कमी करायचा म्हणता आणि चोपड्या तपासणाऱ्यालाच घरी बसवता? असं माझ्या एखाद्या अशिलाने केलं असतं तर मी त्याचं काम सोडलं असतं.

मला माहीत आहे, आता ग्रुपवर "रायनो" म्हणतील. नावाची रिपब्लिकन. म्हणा. ७ ऑगस्ट १९७४ ला वॉटरगेट प्रकरणात अडकलेल्या राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याकडे जाऊन तुमच्या पाठीशी आता सिनेटमध्ये मतं उरलेली नाहीत असं तोंडावर सांगणाऱ्यांत आपल्याच पक्षाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर होते. ते रायनो असतील तर मीही आहे. आणि हे निक्सन प्रकरण आहे असं मी म्हणत नाही. सहा दिवस झालेत. मला हे सरकार यशस्वी व्हायला हवंय. पण ज्याने माझ्या बाजूची चार कामं केली त्याच्या पाचव्याकडे डोळेझाक करायची, हा सौदा मी केला नव्हता. नागरिकत्व घेताना आपण हात वर करून जी शपथ घेतली तीही घटनेची होती, आणि राष्ट्राध्यक्ष जी पस्तीस शब्दांची घेतात तीही घटनेचीच. दोघांपैकी कुणीच माणसाची शपथ घेतलेली नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २० जानेवारी २०२९ ला त्या टेबलाशी कोण बसेल कुणास ठाऊक. समजा कॅलिफोर्नियाचा कुणी डेमोक्रॅट बसला आणि त्याने त्याच पेनाने दुसऱ्या घटनादुरुस्तीचा, आपल्या बंदुकांचा, नवा अर्थ लावला. तेव्हा कोर्टात उभं राहून काय सांगणार? चौदावीच्या वेळी आम्ही टाळ्या वाजवत होतो?

तर मागणं असं. कॅपिटॉलचा फोन २०२-२२४-३१२१. आपला प्रतिनिधी आणि दोन्ही सिनेटर, तिघांनाही फोन करा. डेमोक्रॅटांचे फोन रिपब्लिकन सिनेटर मोजत नाहीत, आपले मोजतात, म्हणून पहिल्या वाक्यात "मी रिपब्लिकन मतदार" हे सांगा, मग झिप कोड, मग मुद्दा. एका फोनला एकच मुद्दा. माझे दोन्ही सिनेटर नवे आहेत. मोरेनो ३ तारखेला बसले, आणि व्हान्स यांच्या जागी आलेले हस्टेड याच मंगळवारी. मोरेनो स्वतः कोलंबियात जन्मलेले आहेत, तेव्हा नागरिकत्वाचा मुद्दा त्यांच्याकडे नेणार आहे आणि इन्स्पेक्टर जनरलचा हस्टेड यांच्याकडे. शेजारच्या मिशिगनचे प्रतिनिधी, आपले बेळगावचे श्री ठाणेदार, दुसऱ्या पक्षाचे आहेत, त्यांना आपल्या फोनची गरज नाही. सिनेटमध्ये आपले ५३ आहेत. त्यांतल्या चौघापाचांनी जरी म्हटलं की आदेश नको, विधेयक आणा, आम्ही मत देतो, तरी पहिल्या कलमाची धूळ झटकली जाईल. सीमेचं कामही असंच पक्कं होईल. आदेशाने केलेलं पुढचा माणूस आदेशाने पुसतो. परवा बायडेन यांचे ७८ आदेश एका सहीत पुसलेले आपण पाहिलेच.

नागपूरच्या मुलीसारखी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर तिला व्हॉट्सअ‍ॅपवरचा सल्ला देऊ नका, इमिग्रेशन वकिलाकडे पाठवा. आणि आधीची तारीख वगैरे तर अजिबात सुचवू नका.

उद्या, २७ तारखेपासून, आयआरएस रिटर्न घ्यायला लागतंय. १५ एप्रिलपर्यंत मला ग्रुपवर वाद घालायला फुरसत नाही. शिव्या घालायच्या असतील तर त्या नंतर घाला, आणि तोवर तुमचे १०९९, म्हणजे उत्पन्नाचे कागद, शोधून ठेवा.

आपली,
ओहायोतली एक रिपब्लिकन मतदार